सहा वर्षं कॅमेऱ्यावर, तरी वाचायचं पहिल्या पानापासून

तुझा मेसेज दोनदा वाचला. विचारलंयस ते थोडक्यात असं: मुंबईला डीएमआरआयटी (न्यूक्लिअर मेडिसिनचा डिप्लोमा) केलं, मिरजेत किरणोत्सर्गी औषध टोचून शरीराचं चित्र घेणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यावर सहा वर्षं झाली, नवऱ्याचं कॅनडाचं पीआर (कायमचा रहिवास) आता आल्यातच जमा आहे, निघायला आठ-नऊ महिने आहेत. तिकडची न्यूक्लिअर मेडिसिनची परीक्षा द्यायची, तर मुळापासून वाचावं लागेल, की रोज तेच काम करतेय म्हणून थेट प्रश्नसंच सोडवत सुटलं तरी चालेल? आणि अभ्यासासाठी नोकरी आत्ताच सोडू का?

नोकरी सोडू नकोस. हे आधी सांगून टाकते, नाहीतर बाकीचं वाचेपर्यंत तू राजीनामा लिहायला घेशील. का ते पुढे येईलच.

मी तासगावची. मिरजेत चार वर्षं काम केलं, २०१८ ला कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात आले आणि पहिल्या प्रयत्नात नापास झाले. चूक तीच, जी तू करायच्या बेतात आहेस. बोन स्कॅन, रीनल, थायरॉइड रोजचंच, मग मला आणि काय वाचायचंय? प्रश्नसंच आणले, सोडवले, उत्तरं पाठ झाली. प्रश्न जरा फिरवून आला की मात्र मी गप्प.

एक उदाहरण देते. (खऱ्या पेपरातले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, त्यामुळे इथली सगळी उदाहरणं माझी आहेत. ‘मागच्या पेपरातले प्रश्न देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस.) एमडीपीच्या, म्हणजे बोन स्कॅनच्या औषधाच्या, व्हायलमध्ये (बाटलीत) किरणोत्सर्गी टेक्निशियम भरताना हवा आत ढकलायची नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात आमच्या सिनियर मॅडमनी मनगटावर टिचकी मारून शिकवलं. जेवढं टेक्निशियम आत, तेवढी हवा त्याच सिरिंजमध्ये ओढून घ्यायची आणि मग सुई काढायची. चार वर्षांत माझा हात एकदाही चुकला नाही. पण हवा का नको, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. आता समज समोर एक बोन स्कॅन ठेवलाय. हाडं फिकट, आणि जठर, थायरॉइड, लाळग्रंथी मात्र लख्ख दिसतायत. काय बिघडलं?

टेक्निशियम ज्या उपकरणातून काढतात, त्या जनरेटरमधून निघतं ते परटेक्नेटेट. त्यात टेक्निशियम +७ या अवस्थेत असतं आणि तसंच्या तसं ते एमडीपीला चिकटत नाही. किटमधलं स्टॅनस, म्हणजे कथिल, त्याला खालच्या अवस्थेत आणतं, तेव्हा कुठे जोडी जमते. व्हायलमध्ये हवा गेली की तिच्यातला ऑक्सिजन आधी कथिलालाच खातो. मग टेक्निशियम मोकळंच राहतं आणि शरीरात मोकळं परटेक्नेटेट जातं थायरॉइडकडे, लाळग्रंथींकडे, जठराकडे. म्हणजे मनगटावरची टिचकी आणि तो स्कॅन ही एकाच गोष्टीची दोन टोकं. आणि त्याच स्कॅनमध्ये विनाकारण यकृत दिसलं असतं, तर वेगळा संशय घ्यायचा, कोलॉइड, म्हणजे बारीक कण, तयार झाल्याचा. तेव्हा एल्युएटमध्ये, म्हणजे जनरेटरमधून निघालेल्या द्रावणात, ॲल्युमिनियम जास्त आलं होतं का, ते बघायचं.

तुझ्या हाताला अशा पन्नास गोष्टी येतात. एमएए (फुप्फुसाच्या स्कॅनचे औषधी कण) टोचण्याआधी सिरिंज हलवतेस. सिरिंजमध्ये रक्त ओढून घेत नाहीस, कारण घेतलं तर गुठळ्या होऊन फुप्फुसात ठिपके उमटतात. फुप्फुसाचा रक्तदाब वाढलेला असेल तर कण कमी देतेस. सगळं येतं, परीक्षा फक्त ‘का’ विचारते. म्हणून मुळापासून वाच. तुला ते माझ्यापेक्षा निम्म्या वेळात होईल, कारण नोकरी चालू आहे. वाचलेला ‘का’ दुसऱ्या दिवशी सकाळी हॉट लॅबमध्ये (औषधं तयार करायच्या खोलीत) समोर उभा असतो. घरी बसून वाचशील तर तो कागदावरच राहील.

सुरुवात जनरेटरपासून कर. जगभर त्याला लाडानं गाय म्हणतात आणि एल्यूशनला, म्हणजे त्यातून टेक्निशियम काढण्याला, दूध काढणं. आपल्याकडच्या माणसाला हे काय समजावायचं! आमच्या घरी दोन म्हशी होत्या. सकाळी पूर्ण पिळलेली म्हैस तासाभरानं परत पिळायला कुणी बसत नाही. जनरेटरमधल्या मोलिब्डेनम-९९ मधून टेक्निशियम-९९एम बनत राहतं. मोलिब्डेनमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ६६ तास, टेक्निशियमचं ६ तास. मोलिब्डेनम ॲल्युमिनाच्या कॉलमला धरून राहतं, सलाइन फिरवलं की टेक्निशियम तेवढं सुटून येतं. पिळल्यावर ते पुन्हा भरत जातं. सहा तासांनी निम्म्याहून जास्त, आणि सगळ्यात जास्त साधारण २३ तासांनी. रोज सकाळी एकाच वेळी एल्यूशन करण्याची पद्धत आहे ती यामुळे. आणि खुद्द म्हैस आटत जाते ती ६६ तासांच्या हिशोबानं, म्हणजे सोमवारचा जनरेटर पुढच्या सोमवारी जवळपास सहाव्या हिश्श्यावर. इथे थंडीत बर्फामुळे विमान अडकलं की जनरेटर उशिरा येतो, मग जुन्या गाईवर किती पेशंट भागतील हे गणित टेक्नॉलॉजिस्टच करतो. गंमत म्हणजे एके काळी जगातल्या मोलिब्डेनमचा मोठा वाटा याच प्रांतातल्या चॉक रिव्हरच्या एनआरयू अणुभट्टीतून जायचा. २००९ मध्ये ती भट्टी गळतीमुळे बंद पडली तेव्हा जगभर स्कॅन लांबणीवर पडले होते. २०१८ च्या मार्चमध्ये ती कायमची बंद झाली.

आता ज्या गणितात आपली हुशार पोरंही घसरतात, ते. सकाळी ८ ला सिरिंजमध्ये ७४० मेगाबेकरेल (किरणोत्सर्गाचं माप) टेक्निशियम आहे, पेशंट आला ११ ला. किती उरलं? अर्धायुष्याचा निम्मा वेळ गेला, म्हणजे पाव भाग गेला, म्हणजे ५५५, असं मनात लगेच येतं. माझ्याही आलं होतं. चूक आहे. क्षय सरळ रेषेत उतरत नाही, गुणाकारानं उतरतो. निम्म्या अर्धायुष्याला ०.७०७ नं गुणायचं, उत्तर ५२३. तीन तासांत ०.७०७, पुढच्या तीन तासांत परत ०.७०७, आणि दोन्हींचा गुणाकार ०.५, एवढं लक्षात ठेवलंस तर सूत्र विसरलं तरी चालेल.

हो, आणि मिलिक्युरी आजपासून बंद. इथे बोलणं, लिहिणं, लेबल, सगळं मेगाबेकरेलमध्ये चालतं. १ मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेकरेल. मिरजेत असतानाच रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीनं मेगाबेकरेल लिहीत जा. ‘वीस’ म्हटल्यावर बोन स्कॅनचा डोस डोळ्यांपुढे येतो, तसा ‘सातशेचाळीस’ म्हटल्यावर यायला मला वर्ष गेलं.

कॅमेऱ्याचं तुला फार सांगत नाही, ते तुला येतं. फक्त बिघाड आणि चित्र यांची जोडी जमव. फ्लडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर सगळीकडे सारखे किरण पाडून घेतलेल्या तपासणीच्या चित्रात, गोल थंड (फिकट) डाग दिसला की फोटोमल्टिप्लायर ट्यूब (प्रकाश टिपणारी नळी) बिघडली. तडा गेल्यासारखी रेघ दिसली की क्रिस्टल, म्हणजे किरणांचा प्रकाश करणारा स्फटिक. आयोडीन-१३१ चा पेशंट चुकून लो एनर्जी कोलिमेटरवर (कमी ऊर्जेच्या किरणांसाठीच्या शिशाच्या जाळीवर) घेतला की थायरॉइडच्या जागी चांदणी, कारण ३६४ केईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण शिशाच्या पातळ भिंतींतून आरपार जातात. सेंटर ऑफ रोटेशन (फिरण्याचा मध्य) सरकलं की स्पेक्टमध्ये, म्हणजे कॅमेरा पेशंटभोवती फिरवून घेतलेल्या चित्रात, एका बिंदूचं कडं होतं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये एसी बंद पडला की सर ओरडत दारं-खिडक्या लावून घ्यायला लावायचे. मला वाटायचं त्यांना उकडतंय. पुढे वाचल्यावर कळलं, सोडियम आयोडाइडच्या क्रिस्टलला तापमानाचा झटका सोसत नाही, तडकतो. आणि रोज सकाळी पीक, म्हणजे कॅमेरा नेमक्या ऊर्जेवर जुळलाय का ते, का बघायचा असं कुणी विचारलं, तर त्याला वाद्यं बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत घेऊन जा. काल जुळवलेला तंबोरा आज तसाच वाजेल असं तिथलं कुणी म्हणणार नाही. ट्यूबांचंही तसंच आहे.

किरणोत्सर्गाच्या सुरक्षिततेत कायद्याचे आकडे वेगळे आहेत, ते नीट वेगळे कर. भारतात एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) कर्मचाऱ्याच्या डोसची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (शरीरानं घेतलेल्या किरणांचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३०. इथेही पाच वर्षांचे १००च, पण एका वर्षाची मर्यादा ५०. सवयीनं ३० लिहून येशील. लेड एप्रनबद्दलही नीट वाच. पेट स्कॅनच्या ५११ केईव्हीपुढे तो शिशाचा एप्रन म्हणजे वळवाच्या पावसात डोक्यावर पदर घेण्यासारखं आहे. पेटमध्ये अंतर आणि वेळ यांवरच भिस्त.

आपल्या लोकांचे मार्क सगळ्यात जास्त जातात ते फिजिक्समध्ये नाहीत, हे कुणी सांगत नाही. ते जातात पेशंटशी वागण्याच्या प्रश्नांत. मिरजेत मी दारात उभी राहून ‘पाटील, या आत’ म्हणायचे. एकदा तीन पाटील उठले. सगळे हसले, मीही हसले, आणि त्यातल्या एकाला विचारलं, ‘थायरॉइडचे ना तुम्ही?’ ते ‘हो’ म्हणाले. नशीब, ते खरंच थायरॉइडचे होते. इथे पेशंटनं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायची असते, आपण नाव घेऊन ‘हो’ वदवून घ्यायचं नाही. गरोदर आहात का, अंगावर पाजता का, हे एकट्यात विचारायचं, सासूसमोर नाही. पेशंट नको म्हणाला तर समजूत घालत बसायचं नाही, ऐकून घ्यायचं आणि नोंद करायची. प्रश्नात चारही उत्तरं बरोबर वाटतात आणि आपण ‘डॉक्टरांना विचारते’ यावर खूण करतो. बऱ्याचदा उत्तर असं असतं की हे तुझंच काम आहे.

कागदपत्रांचं आजच सुरू कर, विमानात बसायच्या आधी. ऑन्टॅरिओत ‘कॉलेज’ म्हणजे शिकायची जागा समजू नकोस. टेक्नॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेला इथे कॉलेज म्हणतात. माझ्या सासऱ्यांना अजूनही वाटतं की सून कॅनडात कॉलेजला जाते. हे कॉलेज आधी तुझं शिक्षण तपासतं, त्यातून पार पडलीस की सीएएमआरटी या टेक्नॉलॉजिस्टांच्या कॅनडातल्या संघटनेची राष्ट्रीय परीक्षा. दुसऱ्या प्रांतात जाणार असशील तर तिथल्या संस्थेचे नियम बघ. डीएमआरआयटीचा सविस्तर अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकाचे तास, कुठले स्कॅन स्वतः केले त्याचं पत्र, अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या टीएलडी बॅजचे जुने अहवाल, हे सगळं सही-शिक्क्यासकट घे. शिक्का मारणारा साहेब रजेवर असतो, हे तुला मी सांगायला नको. आणि अलीकडचा कामाचा अनुभव मोजतात, म्हणून म्हटलं नोकरी सोडू नकोस. माझ्या ओळखीतली एक जण येऊन दोन वर्षं दुकानात उभी राहिली, मग अर्ज केला. तिला फार जड गेलं.

वेळापत्रक आखशील तर त्यात भोकं ठेव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या दुसऱ्या प्रयत्नाचा अभ्यास ऐन भरात होता आणि सांगलीत पाणी आलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर, मावशी गावभागात वरच्या मजल्यावर अडकलेली. रात्र रात्र फोन. दोन आठवडे एक पान उलटलं नाही. तरी पास झाले, कारण तोवर वहीत अडीचशे ‘का’ जमले होते आणि ते पाठ करावे लागत नव्हते.

ती वही तू उद्याच सुरू कर. पहिला ‘का’ मी देते. सकाळी ८ ला एल्यूशन केलंस, मोलिब्डेनम ब्रेकथ्रू (टेक्निशियमबरोबर निसटून आलेलं मोलिब्डेनम) आला ०.०९ मायक्रोक्युरी दर मिलिक्युरीला. अमेरिकन फार्माकोपियाची (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाची) मर्यादा ०.१५, म्हणजे पास. दुपारी २ ला त्याच व्हायलमधून डोस काढायचाय. चालेल का? टेक्निशियम सहा तासांत निम्मं झालं, मोलिब्डेनम जेमतेम सहा टक्के घटलं. गुणोत्तर काढ, ०.१७ च्या आसपास येईल. मर्यादा टोचण्याच्या वेळेला लागू होते, सकाळच्या नोंदीला नाही. आता हेच किलोबेकरेल दर मेगाबेकरेलमध्ये लिही. मर्यादेचा आकडा ०.१५ च राहतो. का, ते शोध आणि मला कळव.