भाड्याचे घर : एजंटवर भरवसा कितपत ठेवावा?

प्रश्न : माझ्या मुलीला वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी लागली असून तिच्यासाठी आम्ही घाटकोपर परिसरात भाड्याचे घर शोधत आहोत. एका एजंटने दरमहा भाड्याऐवजी १२ लाख रुपये ‘हेवी डिपॉझिट’ देण्याचा पर्याय सुचवला आहे. मालक परदेशात असल्याने रक्कम एजंटच्याच खात्यात भरावी आणि करार ११ महिन्यांचाच असल्याने नोंदणीची गरज नाही, असे तो म्हणतो. त्याने महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांकही दाखवला. टोकन म्हणून १०,००० रुपये मी पाठवले आहेत. पुढे जावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : या अटींवर मुळीच जाऊ नये. आपल्या पत्रातील प्रत्येक अट मला काळजीत टाकणारी वाटली.

११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज फार जुना आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून तो आला. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची असून कसूर झाल्यास त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुंबईत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे, आणि दरमहा ३५,००० रुपये भाडे व १ लाख अनामत धरली तर ११ महिन्यांसाठी मुद्रांक शुल्कही साधारण तेवढेच येते. एवढ्या खर्चासाठी नोंदणी टाळायला सांगणाऱ्या एजंटचा हेतू पैसे वाचवण्याचा असेल, असे मला वाटत नाही.

हेवी डिपॉझिटच्या फसवणुकीची एक ठरावीक रीत आहे. एजंट मालकाकडून घर स्वतः मासिक भाड्याने घेतो, तेच घर दुसऱ्या कुटुंबाला लाखो रुपये घेऊन राहायला देतो, काही महिने मालकाला त्या रकमेतूनच भाडे पोचवतो आणि मग नाहीसा होतो. भाडे थकल्यावर मालक दाराशी येतो तेव्हा राहणाऱ्यांच्या हाती त्याच्या सहीचा कागदच नसतो. म्हणून अनामत रक्कम ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याच बँक खात्यात जावी, यात तडजोड करू नये. मालक खरोखर परदेशात असेल तर त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलावे आणि त्याने इथे कोणाला मुखत्यारपत्र दिले आहे, त्यात घर भाड्याने देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, हे पाहावे.

महारेराचा क्रमांक खरा असला तरी इथे तो पुरेसा नाही, कारण २०१६ च्या रेरा कायद्यातील एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारांपुरती आहे. भाड्याच्या व्यवहारात एजंटची पारख त्याच्या परिसरातच होते. मुंबईतले बहुतेक एजंट ठरावीक भागात काम करतात, त्यामुळे सोसायटीचे सेक्रेटरी आणि वॉचमन त्यांना ओळखतात. त्याने याच इमारतीत बसवलेल्या एखाद्या भाडेकरूशी आपल्या मुलीने बोलावे. अनामत वेळेवर परत मिळाली का, हा प्रश्न तिने जरूर विचारावा. भरवशाचा एजंट इंडेक्स टू (घराच्या नोंदणीकृत दस्ताचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीने सभासदाला दिलेला भाग दाखला) आणि विजेचे बिल दाखवायला कुरकुर करत नाही. तिन्हींवरील नाव मालकाच्या ओळखपत्राशी जुळवून पाहावे.

दलाली साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. ती कराराची नोंदणी झाल्यावर, पावती घेऊनच द्यावी. नुसते घर दाखवण्याचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नये. करार पुढे वाढवताना पुन्हा दलाली द्यावी लागेल का, हेही आधीच लिहून घ्यावे, कारण बहुतेक वाद तिथेच होतात.

टोकनची रक्कम आजच लेखी मागावी आणि बँकेचा तपशील व सर्व संदेश जपून ठेवावेत. त्याने टाळाटाळ केली किंवा फोन बंद केला, तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवून जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी.