आधी गूळ मार्केट, मग कोल्हापूर

मॉडेल रेल्वेचा सेट विकायचा विचार आधी डोक्यातून काढा. तुमचं दुखणं नीट वाचलं. गच्चीवर दहा बाय बाराची पत्र्याची खोली, एचओ स्केलचा स्टार्टर सेट, मनात आख्खं कोल्हापूर स्टेशन, उभी महालक्ष्मी एक्सप्रेस आणि पलीकडं बोगद्याचा घाट. प्रत्यक्षात इंजिन पॉइंटवर, म्हणजे एका रुळाचे दोन फुटतात त्या जागी अडकतंय, डबे त्याच एका वळणावर उतरतायत, वहिनी म्हणतायत एवढ्यात फ्रिज आला असता, आणि मित्र विचारतायत की हा पोरखेळ किती दिवस. यातल्या पहिल्या दोन गोष्टी एका दुपारीत सुटतात. फ्रिजचं मी काही बोलत नाही, आमच्या घरी तो विषय २००९ पासून चालू आहे.

आधी जरा हिशोब करू. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा आपला जुना निळा डबा या टोकाच्या बफरपासून त्या टोकाच्या बफरपर्यंत २२.३ मीटर. ८७ नं भागा, साडेपंचवीस सेंटिमीटर आले. सतरा डबे जोडले तर इंजिन सोडूनच ४.३५ मीटर. तुमची खोली बारा फूट, म्हणजे ३.६५ मीटर. महालक्ष्मीचं शेपूट शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळवणात जाऊन उभं राहणार. कोल्हापूर ते मिरज साधारण ४७ किलोमीटर धरले तर ८७ पटीनं लहान करूनसुद्धा अर्ध्या किलोमीटरच्या वर रूळ लागतात. त्यामुळं हुबेहूब काही होत नसतं, कुणाचंच झालेलं नाही. काय गाळायचं ते ठरवणं हाच निम्मा छंद.

मी असतो तर घाट गाळला असता. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर आठ सेंटिमीटर तरी उंची पाहिजे. चढ शंभराला दोन ठेवला तर तेवढ्यासाठी चार मीटर रूळ जातो, आणि तेवढाच उतरायला. चढ वाढवला की सेटमधलं हलकं इंजिन चार डब्यांवर चाकं फिरवत जागेवर उभं. शिवाय आपल्या लाइनीवर घाट आहेच कुठं? मिरजेपर्यंत सगळा ऊस आणि काळी माती. घाट बघायचा तर कोकणात उतरणारी वैभववाडीची लाइन, आणि ती कितीतरी वर्षं कागदावरच आहे. तुम्ही हट्टानं बांधलीत तर तुमची आधी होईल, एवढं खरं.

कोल्हापूर स्टेशनही आत्ता नको. त्याऐवजी त्याच लाइनीवरचं गूळ मार्केट घ्या. नाव वाचूनच वाघिणी (मालगाडीचे डबे), पोती, मुंगळे सगळं डोळ्यांपुढं येतं. जसंच्या तसं नाही, त्या धाटणीचं एक छोटं स्टेशन: एक लहान फलाट आणि मालाच्या दोन साइडिंग, म्हणजे बाजूला फुटलेले रूळ. सहा फूट लांब, दीड फूट रुंद फळी भिंतीला लावा. परदेशात इंगलनुक नावाचं शंटिंगचं, म्हणजे डबे मागंपुढं करून लावायचं कोडं खेळतात, त्याचा आराखडा नेमका यात बसतो. दोन पॉइंट, तीन रूळ. एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन, आणि पुढच्या तोंडाला इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. क्रम ६,७२० प्रकारचे होतात. मी चार वर्षं खेळतोय, अजून कधीकधी अर्धा तास जातो. वाघिणी तेवढ्या आखूड घ्या, बारा-तेरा सेंटिमीटरच्या.

गोल फिरणारी गाडी पण हवीच असणार, लेक सहा वर्षांची आहे म्हणताय. मग आठ बाय चारचं एक प्लायवूड वेगळं ठेवा, त्यावर लंबगोल. फक्त एक बघा. सेटमधली वळणं बहुतेक १८ इंच त्रिज्येची असतात. त्यावर आखूड डबे मजेत फिरतात, पण साडेपंचवीस सेंटिमीटरचा डबा वळणावर कोपरं बाहेर काढून चालतो आणि कपलिंग ओढून शेजारच्याला पाडतो. जुना ठोकताळा असा की त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट असावी, म्हणजे तीस इंच. ती चार फुटी पाटावर बसत नाही. २२ इंच कशीबशी बसते. तेव्हा लांब डबे शोकेसमध्ये, आखूड डबे रुळावर.

आता तुमचं ते वळण. सगळेच डबे एका जागी उतरत असतील तर दोष रुळाचा, आणि एकच डबा सगळीकडं उतरत असेल तर दोष चाकाचा. तुम्ही लिहिलंय सगळेच, त्याच जागी. माझं पण असंच झालं होतं. तीन आठवडे मी डब्यांत वजनं घातली, चाकं बदलली, पाटाखाली पाचर मारली, वैतागून एक डबा आपटला सुद्धा. मग रविवारी आमच्यातला एक टर्नर आला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. त्यानं चष्मा पण नाही लावला. रुळाच्या आतल्या कडेवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवत गेला. एका जोडावर नख टक्क वाजलं. म्हणाला, "हितं पायरी हाय." रूळ जोडणारी ती पत्र्याची चिमुकली पट्टी असते ना, जॉइनर, तिच्या आत रूळ जायला पाहिजे, माझा रूळ तिच्या डोक्यावर चढून बसला होता. अर्ध्या मिलिमीटरची पायरी. वरून दिसत नाही, पण चाकाची कड त्यावर चढते आणि वळणावर बाहेर पडते. काढला, पट्टी बदलली, बसवला. तीन आठवड्यांचं काम चहा निवायच्या आत झालं.

तुम्हीही नखच वापरा. आणि जोड वळणाच्या मध्यावर टाळा, सरळ भागात घ्या. चाकांची शंका राहिलीच तर व्हर्नियरनं (बारीक मापं घ्यायच्या पट्टीनं) एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओला ते साधारण १४.४ मिमी भरतं. रुळाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५.

जाता जाता, ब्रॉडगेजचे १,६७६ मिमी भागिले ८७ म्हणजे १९.३ होतात, त्यामुळं आपले डबे या रुळांवर जरा अरुंद पायांवर उभे दिसतात. मनावर घेऊ नका. ज्याला फारच खुपतं त्यानं १९७१ च्या आधीचा काळ घ्यावा. १८९१ ला सुरू झालेली आपली लाइन तोवर मीटरगेजच होती, आणि त्याला १२ मिमीचे रूळ मिळतात. मिरजेला तर ब्रॉड, मीटर आणि बार्शी लाइनची नॅरो अशी तिन्ही गेज एका गावात होती. ती नॅरो, एन नावाच्या आणखी लहान स्केलच्या ९ मिमी रुळांवर जवळपास अचूक येते. मला ते करायचंय कधीतरी. असो.

पॉइंटवर इंजिन अडकतं त्याची दोन कारणं. पॉइंटच्या मध्यावरचा व्ही आकाराचा तुकडा, ज्याला फ्रॉग म्हणतात, तुमच्या सेटमध्ये प्लॅस्टिकचा असणार. त्यावर वीज नाही. चार चाकी इंजिन हळू गेलं की नेमकं तिथं उपाशी राहतं. आठही चाकांतून वीज घेणारं इंजिन त्यावरून सहज जातं. दुसरं कारण तारांचं. तुम्ही कंट्रोलरच्या (गाडीला वीज देणाऱ्या डबीच्या) दोन तारा एकाच जागी जोडल्यात आणि बाकी सगळा भार जॉइनरवर सोडलाय. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने हवा ओली, जॉइनर आतून काळे पडतात, वीज पोचत नाही. पाटाखालून १.५ चौरस मिमीची दोन रंगांची वायर फिरवा आणि दर तीन फुटांवर बारीक वायर सोल्डरनं रुळाला डाग देऊन जोडा. डाग देताना लावायचा फ्लक्स रोझिनवालाच घ्या, आम्लाचा नको, रूळ खातो. रुळांवर पॉलिश पेपर कधी घासू नका, चरे पडतात आणि त्यात काजळी बसते. सुती कापड आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल, बस्स.

पत्र्याच्या खोलीत आणखी एक भानगड. एप्रिलमध्ये रूळ वाढतात, जुलैमध्ये लाकूड फुगतं. सगळे जोड डाग देऊन पक्के केलेत तर रूळ सापासारखे होतात. काही जोड मोकळे ठेवा, पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडून. आणि पाटाला दोन्ही बाजूंनी प्रायमर मारा, खालूनसुद्धा. माझा पहिला पाट भुसा दाबून केलेल्या स्वस्त बोर्डाचा होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याची पुरणपोळी झाली.

डोंगरदऱ्यांचं शिकायला कुठं जायला नको. दिवाळीत किल्ला केलाय ना? पोतं चिखलात बुडवून विटांवर पसरायचं, तेच इथं. फक्त विटांच्या जागी चुरगाळलेली वर्तमानपत्रं, पोत्याच्या जागी जुनं सुती कापड आणि चिखलाच्या जागी प्लास्टर. माती वापरू नका. वाळली की तिची धूळ उडते आणि मोटारीत जाते. उसासाठी सुतळी उकलून हिरव्या रंगात बुडवा आणि साडेतीन सेंटिमीटरला कापा, म्हणजे दहा फुटी ऊस झाला. मातीला वाळवलेला चहाचा चोथा. यातलं लेकीला हवं ते करू दे. तिचा ऊस वाकडा लागला तर वाकडाच ठेवा, वाऱ्यानं पडला म्हणायचं.

रुळांतली खडी मात्र सांभाळून. खरी खडी पाच-सहा सेंटिमीटरची, इथं ती अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची लागते. क्रशरवरची कच बारीक चाळणीनं चाळा, धुवा, वाळवा आणि मग तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. आपला काळा दगड आहे, त्यात चुंबकाला चिकटणारे कण असतात. ते इंजिनाच्या मोटारीत गेले की मोटार गेली. चिकटवायला एक भाग फेविकॉल, एक भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरनं. पॉइंटच्या हलत्या पात्यांपाशी हात आवरा. मी उत्साहात ओतलं आणि सकाळी दोन्ही पॉइंट दगडासारखे घट्ट. एक कसाबसा सुटला, एक टाकून द्यावा लागला.

राहिले हसणारे मित्र. त्यांना काही पटवायला जाऊ नका, कामाला लावा. आमच्याकडं सुरुवातीला फक्त मीच होतो. मग तो टर्नर आला. त्यानं एका वायरमनला आणलं, त्यानं तालमीतल्या गणपतीचे हलते देखावे करणारा पोरगा आणला. मोटार, गिअर, लाइट यांतलं त्याला जे येतं ते आम्हाला जन्मात आलं नसतं. एक निवृत्त गार्ड येतात, ते रुळाला हात लावत नाहीत, पण सिग्नल न देता गाडी सोडली की ओरडतात. दर रविवारी चारला, भडंग आणि चहा. माझा लेआउट माझ्या एकट्याच्या हिमतीवर पहिल्या पावसाळ्यातच बंद पडला असता. सोमवारी वाटायचं बास झालं, पण रविवारी चौघं येणार म्हणून शनिवारी रात्री बसून ते जोड सोल्डर करायचो.

एकदा पुण्याला कोथरूडला जाऊन भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. १९९८ पासून आहे. वहिनींना आणि लेकीला घेऊन जा. फक्त परत येताना गाडीत नवा आराखडा काढायचा नाही, हे आत्ताच कबूल करा. मी काढला होता, मिरज जंक्शनसकट. अजून कपाटावर आहे.

तर या आठवड्यात एवढंच करा: लंबगोल जमिनीवर मांडा, नख फिरवा, तीन ठिकाणी तारा द्या आणि चार डबे घेऊन न उतरता पन्नास फेऱ्या होतायत का बघा. प्लास्टर, रंग, ऊस सगळं नंतर. येत्या रविवारी आम्ही दोघं मोकळे आहोत, व्हर्नियर आणि सोल्डरिंग गन घेऊन येतो. चहा वहिनींना सांगू नका, तुम्हीच करा. आणि डबे उतरवणारं ते वळण तेवढं आम्ही येईपर्यंत तसंच राहू दे, उघडू नका; पन्नास फेऱ्या त्यानंतर. टर्नरला सांगितलं तर म्हणतोय, डावीकडनं तिसरा जोड असणार. पैज लागलीय.