परदेशात माल विकण्यासाठीचं सरकारी अनुदान लहान उद्योगाला कसं मिळतं?

बहुतेक योजना परताव्याच्या असतात. आधी खर्च आपण करायचा, मग बिलं लावून त्यातला ठरावीक हिस्सा (बऱ्याचदा निम्मा) मागायचा. म्हणजे सगळी रक्कम काही महिने अडकणार, हे धरूनच चाला.

पैसे मिळतात ते परदेशी प्रदर्शनातला स्टॉल, विमानभाडं, माहितीपत्रकांचं भाषांतर, चाचण्या-प्रमाणपत्रं, ट्रेडमार्क नोंदणी अशा कामांना. कच्चा माल आणि यंत्रं सहसा बाद. निर्यात केलेल्या मालाच्या प्रमाणात अनुदान देणं जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत साधारणपणे बसत नाही, म्हणून सगळा भर बाजारपेठ शोधण्याच्या खर्चावर असतो.

दावा हमखास अडकतो तो तारखेवरून. मंजुरीपत्र १० तारखेचं आणि स्टॉलचा आगाऊ हप्ता ८ तारखेला भरलेला, की बहुतेक ठिकाणी तो खर्च गेलाच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बिल कंपनीच्या नावावर, पण पैसे मालकाच्या खासगी कार्डावरून. बोर्डिंग पास, स्टॉलचे फोटो, बँकेचा उतारा आणि भेटलेल्या खरेदीदारांची यादी जागच्या जागी जमवा. परत आल्यावर यातलं निम्मं सापडत नाही.

अर्जात ‘युरोपात विस्तार’ असलं मोघम काही लिहू नका. एक देश, एक उत्पादन, कोणत्या प्रकारचा खरेदीदार हे लिहा, आणि वाहतूक, आयात शुल्क, वितरकाचा नफा धरून तिथे पडणारी किंमत मांडा. हा हिशेब जमत नसेल तर अनुदान मिळूनही माल खपणार नाही.