कंपनीचे नाव आणि कंपनीतले दिवस

गेल्या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : चांगली माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तर टिकत नाहीत. बडोद्याच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात तीस वर्षे काढल्यामुळे ही तक्रार मला नवी नाही. या वेळी मात्र मालक, नोकरी शोधणारी मुलगी आणि निवृत्त शिक्षक अशा निरनिराळ्या बाजूंनी ती माझ्यापुढे आली, म्हणून त्यांतल्या पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) आमचा सुटे भाग बनवण्याचा कारखाना असून साठ कामगार आहेत. आयटीआय झालेल्या मुलांना आम्ही संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर तयार करतो आणि आठ-दहा महिन्यांत ती जवळच्या हालोल किंवा सावली गावच्या मोठ्या कंपनीत निघून जातात. पगारात आम्ही त्यांची बरोबरी करू शकत नाही. काय करावे? (एक लघुउद्योजक)

पगाराचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात माणसे सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण ३७० टक्के होते, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसे बदलत होती. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी रोजची मजुरी सुमारे दुप्पट करून ५ डॉलर केली आणि कामाचे तास नऊवरून आठवर आणले, तेव्हा ते प्रमाण दोन वर्षांत १६ टक्क्यांपर्यंत खाली आले. तेव्हा बाजारभावापेक्षा फार कमी पगार देऊन केवळ आपुलकीच्या जोरावर माणसे टिकवू, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

परंतु आपल्या पत्रातला ‘आठ-दहा महिने’ हा आकडा मला अधिक बोलका वाटतो. पहिल्या पंधरवड्यात सोडून जाणाऱ्या मुलाला बहुधा मुलाखतीत एक सांगितलेले असते आणि प्रत्यक्षात दुसरेच दिसते. पाच-सात वर्षांनी जाणारा पुष्कळदा एखाद्या वरिष्ठाला कंटाळून जातो. आठ-दहा महिन्यांनी जाणाऱ्याला मात्र काम आलेले असते आणि पुढे काय, याचे उत्तर मिळालेले नसते. नवव्या महिन्यात त्या मुलाशी त्याच्या पुढच्या कामाविषयी कोणी पाच मिनिटे तरी बोलते का, हे आपण पाहावे. मोठ्या कंपनीत तो वर्षानुवर्षे एकाच मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावत आणि काढत राहण्याची शक्यता असते. आपल्याकडे मात्र दोन वर्षांत तो सेटिंग, प्रोग्रॅमिंग आणि तपासणी ही तिन्ही कामे शिकू शकतो. ही आपली खरी ताकद आहे. कोणत्या टप्प्यावर काय शिकवले जाईल आणि त्या टप्प्यावर पगार किती वाढेल, हे नेमणूकपत्रासोबत लिहून द्यावे आणि पाळावे.

दुसरी गोष्ट गेटवर दिसते. अशाच तक्रारीसाठी एका कारखान्याने मला बोलावले होते. सकाळी सातच्या पाळीला मी टाइमकीपरच्या शेजारी बसलो. पावसाचे दिवस होते. एक ऑपरेटर निथळत्या रेनकोटसह आत आला, घड्याळात सात वाजून चार मिनिटे झाली होती, आणि त्याच्या नावापुढे लाल शाईने अर्ध्या दिवसाची खूण पडली. तो काही बोलला नाही. त्याच आठवड्यात त्याला दोनदा संध्याकाळी दीड तास थांबवून घेतले होते, म्हणून मी ते रजिस्टर उलटून पाहिले, तर त्यात जाण्याच्या वेळेचा रकानाच नव्हता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने ठरवून दिलेला असताना मालकाच्या वहीत त्या वेळेला जागाच ठेवलेली नव्हती. कारखान्याची संस्कृती पाहायची असेल तर मी भिंतीवरच्या फलकांपेक्षा असे रजिस्टर आधी मागतो.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हाचे दोन अनुभव सांगतो. एका कंपनीने त्या दिवसांची गैरहजेरी बिनपगारी धरली. दुसऱ्या, आकाराने लहानच असलेल्या कारखान्याने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता पगार दिला आणि पाणी ओसरल्यावर आपला पंप टेम्पोत घालून कामगारांच्या घरी पाठवला. या दोन्ही गोष्टींची जाहिरात कोणी केली नाही, तरी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर आणि शटल रिक्षात त्या आजही सांगितल्या जातात. आपल्या वसाहतीत कारखान्याचे नाव असेच तयार होते, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअर आहे. बडोद्याच्या एका कंपनीकडून चांगली ऑफर आली आहे, पण तेथे माझ्या ओळखीचे कोणी नाही. आतले वातावरण कसे आहे, हे रुजू होण्याआधी कसे कळेल? (एक वाचक भगिनी)

पहिला प्रश्न असा विचारावा की ही जागा रिकामी का झाली आणि आधीची व्यक्ती सध्या कोठे आहे. उत्तर सरळ आणि लगेच मिळाले तर चांगले लक्षण समजावे. ज्यांच्या हाताखाली आपल्याला रोज काम करायचे आहे त्या व्यक्तीला भेटल्याशिवाय होकार कळवू नये. कंपनीचे नाव कितीही मोठे असले तरी आपला दिवस कसा जाईल, हे बरेचसे त्या एका माणसावर अवलंबून असते.

कर्मचाऱ्यांचे अभिप्राय देणाऱ्या वेबसाइट जरूर पाहाव्यात, परंतु अति गोड आणि अति कडू अभिप्राय बाजूला ठेवून मधले वाचावेत. निरनिराळ्या विभागांतल्या आणि निरनिराळ्या वर्षांतल्या लोकांनी एकच गोष्ट लिहिली असेल तर तिच्यात तथ्य असते. शक्य झाल्यास ती कंपनी सोडून गेलेल्या दोन व्यक्तींशी फोनवर बोलावे. कंपनी का सोडली, असे विचारले की लोक सावध होतात. त्याऐवजी, पुन्हा बोलावले तर जाल का, असे विचारावे. उत्तर देण्याआधी समोरची व्यक्ती किती वेळ थांबते, त्यावरूनही बरेच कळते.

प्रत्यक्ष जाल तेव्हा कॅन्टीनमध्ये जेवण्याची इच्छा मोकळेपणाने व्यक्त करावी आणि स्वच्छतागृह पाहावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी, २०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानुसार, अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि ती नेमल्याचा आदेश सहज दिसेल अशा जागी लावावा लागतो. तो लावलेला दिसला नाही तर समितीत कोण आहे, असे मनुष्यबळ अधिकाऱ्यांना विचारावे. त्यांना नावे आठवत नसतील तर मी आपल्या जागी असतो तर पुन्हा विचार केला असता. नोटीस पिरियड मात्र पत्रातच वाचावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

प्रश्न : सयाजीराव महाराजांच्या काळात देशभरातून गुणी माणसे बडोद्यात येत असत. त्या काळापासून आजच्या उद्योजकांनी घेण्यासारखे काही आहे का? (दांडिया बाजारातील एक निवृत्त शिक्षक)

आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन माणसांच्या बडोद्यातल्या वास्तव्यात मिळते. अरविंद घोष १८९३ साली महाराजांच्या सेवेत आले. महाराजांची त्यांची भेट इंग्लंडमध्ये झाली होती आणि ही योग्यता हातची जाऊ द्यायची नाही, हे महाराजांनी ओळखले होते. सुरुवातीला त्यांना जमाबंदीसारख्या खात्यांत काम मिळाले. पुढे ते बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि नंतर इंग्रजी शिकवू लागले आणि १९०६ पर्यंत, म्हणजे सुमारे तेरा वर्षे, येथे राहिले. पहिल्या खात्यात न रमणाऱ्या माणसाला त्याच्या वकुबाच्या कामाकडे सरकू देणे, ही गोष्ट आजही फार थोड्या कंपन्यांना जमते. आपल्याकडे एकदा स्टोअर्समध्ये लागलेला मुलगा निवृत्तीपर्यंत स्टोअर्समध्येच असतो.

दुसरे वास्तव्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे, आणि ते बडोदेकरांनी नजर न चुकवता वाचले पाहिजे. संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा त्यांचा करार होता. १९१७ मध्ये ते त्याप्रमाणे येथे रुजू झाले. महाराजांची इच्छा त्यांना मोठ्या पदासाठी तयार करण्याची होती. परंतु कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून फेकत, पिण्याचे पाणी त्यांना मिळत नसे, आणि शहरात राहायला कोणी जागा देईना म्हणून त्यांना पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव तेथे आला आणि त्यांना ती जागाही सोडावी लागली. ते कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

ही अस्पृश्यतेची क्रूरता होती. तिला ‘कार्यालयीन वातावरण’ असे सौम्य नाव मी देणार नाही. परंतु संस्था चालवणाऱ्याने यातून एक गोष्ट स्वतःच्या कचेरीत तपासून पाहावी : महाराजांची कीर्ती दूरवर होती, हेतू निर्मळ होता, पैसा खर्च झाला होता, आणि यांपैकी काहीही त्या टेबलापर्यंत पोहोचले नाही, कारण मधल्या अधिकाऱ्यांपैकी कोणी शिपायाला थांबवले नाही. आजही नव्या कर्मचाऱ्याला आडनावावरून जात विचारली जाते, डब्याची जागा वेगळी होते, सोसायटीत भाड्याने घर नाकारले जाते. बाहेरगावची माणसे बोलावणाऱ्या कंपनीने घर मिळवून देण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी आणि भाडेकरार शक्यतो कंपनीच्या नावाने करावा. नवा माणूस जेवायला कोणाबरोबर बसतो, हे विभागप्रमुखाने पहिल्या आठवड्यात स्वतः पाहावे.

प्रश्न : प्रशिक्षणावर आमचा बराच खर्च होतो, म्हणून दोन वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घ्यावा आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यावीत, असा विचार आहे. हे योग्य आहे का? (एक कारखानदार)

प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत. ती त्या मुलाची मालमत्ता आहे, आणि ओलिसाच्या भावनेने काम करणाऱ्या माणसाकडून मशीनसुद्धा नीट राखले जात नाही. बाँडविषयी सांगायचे तर १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. नोकरी चालू असतानाच्या अशा अटीला १८७२ च्या करार कायद्यातील, व्यवसायावर बंधन घालणारे करार निरर्थक ठरवणारे कलम २७ आड येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ते प्रकरण सार्वजनिक भरतीचा मोठा खर्च करणाऱ्या बँकेचे होते, आणि त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते. आपण बाहेरच्या संस्थेत पाठवून खरोखर प्रशिक्षण दिले असेल, तर त्या खर्चापुरता आणि महिन्यागणिक कमी होत जाणारा बाँड मला मान्य होईल. मशीनशेजारी उभे करून शिकवण्याला प्रशिक्षण म्हणत दीड-दोन लाख लिहून घेणे मला मान्य नाही. दहा वर्षांचा करार माणसाला थांबवू शकला नाही, हे वरच्या उत्तरात आपण वाचलेच आहे.

प्रश्न : कर्मचाऱ्यांचे अभिप्राय देणाऱ्या वेबसाइटवर आमच्या कंपनीचे गुण कमी आहेत. सर्व कर्मचाऱ्यांकडून चांगले अभिप्राय लिहून घ्यावेत, असा व्यवस्थापनाचा आदेश आहे. मी काय करू? (एक मनुष्यबळ अधिकारी)

नम्रपणे नकार द्यावा. एकाच आठवड्यात आलेले तीस गोड अभिप्राय वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात, आणि ते लिहायला लावलेले तीस कर्मचारी त्या दिवसापासून आपल्या कोणत्याही सूचनेवर विश्वास ठेवत नाहीत. त्याऐवजी वाईट अभिप्रायांतील तक्रारी वेगवेगळ्या करून व्यवस्थापनापुढे ठेवाव्यात. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक कडवटपणा शेवटच्या महिन्यातला असतो : राजीनामा दिल्यावर बोलणे बंद होते, रिलिव्हिंग लेटरसाठी खेटे घालावे लागतात, हिशेब तीन महिने लटकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा देणाऱ्याचे देय वेतन नोकरी संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. त्यासाठी हजेरी, शिल्लक रजा आणि आगाऊ उचल यांचा मेळ शेवटच्या दिवसाआधीच घातलेला असायला हवा. आपल्या लेखा विभागात तो आज किती दिवसांत घातला जातो, ते मागील पाच राजीनाम्यांच्या फायली काढून पाहावे आणि तो आकडा घेऊन व्यवस्थापनाकडे जावे.