लॅपटॉप आत्ता घेऊ नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कॅट आणि सीईटी या एमबीएच्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी घरचे सत्तर हजारांचा लॅपटॉप घेऊन द्यायला तयार आहेत, असं तू लिहिलंस. त्यांना थोडं थांबायला सांग. प्रवेश पक्का झाला की घ्या.

कॅट केंद्रावरच्या डेस्कटॉपवर होते. तिथे कीबोर्डला हात लावायचा नसतो. टाइप करायची उत्तरंसुद्धा स्क्रीनवरच्या कीपॅडवर माउसनेच भरायची. प्रत्येक विभागाला 40 मिनिटं, आणि मधेच दुसऱ्या विभागात जाता येत नाही. 2025च्या एमबीए सीईटीत तर 150 मिनिटांत 200 प्रश्न होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते, म्हणजे सगळा खेळ वेगाचा. टचपॅडवर बोट फिरवून हा वेग येत नाही. तेव्हा आज एक साधा माउस घे आणि मॉक टेस्ट टेबलखुर्चीवर बसून दे. दादाचा जुना लॅपटॉप हळू चालत असेल तर त्यात एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज, बसवता येते का ते दुकानात विचार. मॉक ब्राउझरवर चालतात, त्यांना भारी मशीन लागत नाही. उरलेल्या पैशांतून चांगली टेस्ट सिरीज आणि परीक्षांचे फॉर्म, दोन्ही होतील.

जीमॅट ही एमबीएची दुसरी प्रवेशपरीक्षा घरून द्यायची असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे वेबकॅम लागतो आणि तुझं मशीन त्यांच्या तपासणीत बसावं लागतं. ऑफिसचा लॅपटॉप त्यासाठी अजिबात वापरू नकोस, कंपनीच्या सुरक्षा सेटिंगमुळे ऐन वेळी अडकशील.

प्रवेशानंतर खरेदी करण्यात आणखी एक फायदा आहे, आणि तो बऱ्याच पालकांना माहीत नसतो. अभ्यासक्रमासाठी लागणारा कॉम्प्युटर शैक्षणिक कर्जात धरता येतो. आधी बँकेच्या शाखेत विचारा, कोटेशन लागतं का ते बघा, मगच दुकानात जा. संस्था लॅपटॉपबद्दल काही अट घालते का, मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं लायसन्स देते का, हेही तेव्हा कळेल.

घेताना 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी यांच्या खाली जाऊ नकोस. रॅम पुढे वाढवता येते का हे आवर्जून विचार, कारण पातळ मॉडेलांत ती बऱ्याचदा बोर्डवरच पक्की असते. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड नको. वजन वाढतं, बॅटरी लवकर संपते. मॅकचा मोह मला समजतो, पण पॉवर बीआय डेस्कटॉप हे डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही आणि मोठ्या डेटासाठीचं एक्सेलचं पॉवर पिव्होटही मिळत नाही. तुझा ओढा फायनान्स आणि अ‍ॅनालिटिक्सकडे आहे, म्हणून तुझ्यासाठी विंडोजच बरं.

रविवारच्या मॉकनंतर डीआयएलआरचे, म्हणजे कॅटमधल्या डेटा आणि तर्काच्या विभागाचे, सगळे प्रश्नसंच (सेट) मला पाठव. कोणता सेट आधी घेतलास आणि कोणता सोडायला हवा होता, तेही लिही.

तुझा,
सर