आयव्हीएफसाठी एफडी मोडायची की आधी साडेचार हजारांची एचएसजी तपासणी?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 31, दोन वर्षं मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. घरात दोघांचे मिळून महिना 58,000 येतात, तीन लाखांची एफडी आहे. त्यांच्या डॉक्टरांनी एचएसजी, म्हणजे गर्भाशयाच्या नळ्यांची एक्स-रे तपासणी, सांगितली होती, खर्च साडेचार हजार. दुखतं असं ऐकून ती करायची राहून गेली. आता एका सेंटरने 2,20,000 चं आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) पॅकेज सांगितलंय आणि महिनाअखेर पैसे भरले तर वीस हजार सूट. एफडी मोडू, सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवू की ईएमआय घेऊ, असं त्या विचारतात.

ताई, या महिन्यात यातलं काहीच करू नका. वीस हजारांच्या सवलतीपायी तुम्ही दोन लाख अडकवताय, आणि ते नेमक्या कोणत्या अडचणीवर खर्च होणार हेच अजून कळलेलं नाही.

मी डॉक्टर नाही, पण या रिपोर्टवर तुमचा पुढचा सगळा खर्च ठरतो, म्हणून सांगते. एचएसजीत गर्भाशयात डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडून एक्स-रे काढतात आणि नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहतात. पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात ती होते. नळ्या मोकळ्या निघाल्या, सोनोग्राफी आणि बाकी तपासण्याही ठीक आल्या, तर तुमच्या वयात आयव्हीएफच्या आधीचे बरेच कमी खर्चाचे उपाय डॉक्टरांशी बोलता येतात. दोन्ही बंद असतील तर आयव्हीएफचा खर्च रास्त आहे. फक्त कधीकधी नळी आखडल्यामुळेही ती बंद दिसते, तेवढं विचारून घ्या. तिसरी शक्यता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नळीत पाणी साठलेलं असेल तर आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर येतं, म्हणून आधी त्या नळीची शस्त्रक्रिया सुचवतात. तो खर्च पॅकेजात धरलाय का? बहुतेक नसेलच.

आणखी एक. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, तेलयुक्त डाय वापरलेल्या स्त्रियांपैकी 39.7 टक्क्यांना सहा महिन्यांत गर्भ राहून टिकला. पाण्याच्या डायमध्ये हेच प्रमाण 29.1 टक्के होतं. म्हणून कोणती डाय वापरणार, हे जरूर विचारा.

दुखण्याची भीती मी हलक्यात घेत नाही. कळा येतात. आधी कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा आणि त्या दिवशी यजमानांना रजा घ्यायला लावा. तुमच्या पत्रात त्यांच्या वीर्य तपासणीचा उल्लेखच नाही, याचं मला वाईट वाटलं. सगळ्यांत स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी तीच आहे, आणि पुष्कळ जोडप्यांत कारण तिथेच सापडतं. ती आधी करा.

आता पैसे. विम्यावर विसंबू नका. वंध्यत्वाच्या उपचारांना बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं, आणि केवळ तपासणीसाठी दाखल झाल्याचाही खर्च मिळत नाही. सोनोग्राफी, एचएसजी, रक्त आणि वीर्य तपासणी यांसाठी पंधरा हजार बाजूला काढा, ते पगारातून दोन महिन्यांत निघतील. फॉलिक्युलर स्टडी (स्त्रीबीज कसं वाढतंय ते पाहणारी सोनोग्राफी) सांगितली तर एका महिन्यात चार-पाच खेपा होतात. प्रत्येक खेपेची फी आणि बुडणारी रजा दोन्ही मोजा.

पुढे आयव्हीएफच ठरलं तर ईएमआयपेक्षा एफडी मोडणं बरं. त्यातही एक लाख घरच्या अडीअडचणीसाठी शाबूत ठेवा. सेंटरकडून लेखी घ्या: इंजेक्शनं पॅकेजात आहेत का, भ्रूण गोठवून ठेवायला किती पैसे, पहिल्यांदा यश नाही आलं तर दुसऱ्या वेळी किती लागतील. पाटल्या तशाच कपाटात राहू द्या. त्या गहाण पडल्या तर घरात प्रत्येक महिन्याच्या पाळीचा हिशेब विचारला जाईल, आणि ते ओझं तुमच्यावर येईल.

पुढची पाळी आली की पहिल्याच दिवशी फोन करून एचएसजीची वेळ घ्या. रिपोर्टबरोबर फिल्मही मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी तीच तपासणी पुन्हा करावी लागण्याची शक्यता कमी होईल.