‘पुट ऑफ’ वापरताना

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांनी ‘पुट ऑफ’ या जोडक्रियापदाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आपल्या ‘पुढे ढकलणे’शी त्याचा अर्थ इतका जुळतो की ते लगेच आपलेसे होते, मात्र त्याचे समानार्थी शब्द सरसकट एकमेकांच्या जागी बसत नाहीत. सभेची तारीख रीतसर बदलली, तर पत्रात ‘पोस्टपोन’ लिहावे; कर्जाचा हप्ता किंवा एखादा निर्णय लांबणीवर टाकला, तर ‘डिफर’ शोभते; आणि पावसामुळे गाडीला उशीर झाला, तर ‘डिले’ हाच शब्द योग्य, कारण तिथे कोणी ठरवून काही पुढे ढकललेले नसते. दाताच्या डॉक्टरांकडे जाणे आपण आज-उद्या करत टाळतो, तेव्हा बोलण्यात ‘आय कीप पुटिंग इट ऑफ’ हेच सहज येते.

या वाक्यातला ‘इट’ नीट पाहा. सर्वनाम नेहमी मधेच येते, ‘पुट ऑफ इट’ असे कधीही होत नाही. नाम मात्र मधे किंवा शेवटी, कुठेही चालते. पुढे क्रियापद आले, तर ‘पुट ऑफ टू गो’ असे न लिहिता ‘पुट ऑफ गोइंग’ असे लिहावे. मी तपासलेल्या वह्यांत सर्वाधिक लाल खुणा इथेच झाल्या आहेत.

वासाने जेवणावरची इच्छा उडाली, तरीही ‘द स्मेल पुट मी ऑफ’ असेच म्हणतात. दिवा घालवण्यासाठी मात्र आपल्याकडे रुळलेल्या ‘पुट ऑफ’ऐवजी ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ वापरावे.